अकरावी कॉमर्स घेऊन धंदा शिकता येतो का? नाशिकच्या एका आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी दहावीला ७८ टक्क्यांनी पास झाली, मराठी माध्यम. आई सिडकोत राहते आणि अंबडच्या कंपन्यांमध्ये जेवणाचे डबे देते. मुलगी म्हणते, मला बिझनेस शिकायचाय, मी कॉमर्सच घेणार. तिच्या मामाचं म्हणणं, एवढे टक्के असताना सायन्स कशाला सोडायचं, कॉमर्सला नुसतं पाठांतर असतं. आईला विचारायचंय ते एवढंच की हे विषय शिकून धंदा खरंच येतो का, गणित ठेवायचं की एस.पी. (कंपनीच्या कामकाजाचा विषय), आणि मराठी माध्यम चालू ठेवलं तर पुढे अडेल का.

ताई, मी नाशिकमध्येच ज्युनिअर कॉलेजला वाणिज्य संघटन आणि चिटणीसाची कार्यपद्धती, म्हणजे मुलांच्या भाषेत ओ.सी. आणि एस.पी., बरीच वर्षं शिकवते आहे. पुस्तपालनाचे तासही घेतलेत. त्यामुळे सायन्सची बाजू माझ्याकडून नीट मांडली जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुमच्या घरात वाद सायन्स-कॉमर्सचा दिसतोय, पण खरा तिढा वेगळा आहे. ‘बिझनेस शिकायचाय’ म्हणजे मुलीच्या मनात नेमकं काय आहे? अकरावीच्या नव्या वर्गाला मी हे विचारते तेव्हा तऱ्हेतऱ्हेची उत्तरं येतात. कोणाच्या घरी दुकान असतं, ते वाढवायचं असतं. कोणाला सी.ए. व्हायचं असतं आणि तो त्यालाच बिझनेस म्हणतो. काही जण मोबाइलवर शेअर बाजाराचे व्हिडिओ बघून आलेले असतात. या तिघांनी कॉमर्सच घ्यायचं असलं तरी जोर कोणत्या विषयावर द्यायचा आणि गणित ठेवायचं की नाही, याची उत्तरं तिघांची वेगळी निघतात. तेव्हा फॉर्म भरण्याआधी तिला शेजारी बसवून एवढं विचारा, की पाच वर्षांनी तू सकाळी उठून कुठे जाणार आहेस? उत्तर बावळट असलं तरी चालेल, पण असू द्या.

आता विषयांकडे येते. अकरावी-बारावीला ‘बिझनेस’ नावाचा एक सलग विषय नसतो. तो तुकड्यातुकड्यांनी येतो. पुस्तपालन व लेखाकर्मात हिशेब, अर्थशास्त्रात बाजार आणि देशाचं अर्थकारण, वाणिज्य संघटन व व्यवस्थापनात धंद्याचे प्रकार, व्यवस्थापन, बँका, विमा, ग्राहक संरक्षण, विपणन. चौथी जागा बहुतेक कॉलेजांत एस.पी. किंवा गणिताची. शिवाय इंग्रजी आणि दुसरी भाषा किंवा आय.टी. अभ्यासक्रम बदलण्याचं वारं आहे, म्हणून विषयांच्या जोड्या ज्या कॉलेजात प्रवेश घ्याल तिथे विचारूनच नक्की करा. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत. पसंतीक्रमात कॉलेज टाकण्याआधी तिथे हवा तो विषय आहे का, हे बघायचं राहून जातं आणि मग ऑगस्टमध्ये आईबाप ऑफिसच्या खिडकीशी उभे असतात.

मामा म्हणतात ते निम्मं खरं आहे. बारावीचा ओ.सी.चा पेपर ८० मार्कांचा, उरलेले २० अंतर्गत. ८० मधले २० वस्तुनिष्ठ प्रश्नांचे, ८ संज्ञांचे, ६ दिलेल्या प्रसंगावर मत देण्याचे, १२ फरक स्पष्ट करण्याचे, ८ थोडक्यात उत्तरांचे, ८ विधानं सकारण स्पष्ट करण्याचे, मग १० आणि ८ मोठ्या उत्तरांचे. गाईड पाठ करून यातून पास होता येतं, चांगले मार्कही पडतात. पण तसं केलेल्या मुलांना निकालानंतर महिनाभराने भागीदारी आणि कंपनीतला फरक विचारला तर ती ‘भागीदारीत दोन जण असतात’ इथेच थांबतात. दोन वर्षं घालवून एवढंच हाती लागणार असेल तर मामांचं बरोबर आहे.

मी वर्गात हा विषय तीन प्रश्नांवर शिकवते, कुठलाही धडा असो. पैसा कोणाचा? बुडालं तर भरणार कोण? ठरवणार कोण? फळ्याच्या कोपऱ्यात हे तीन प्रश्न वर्षभर लिहिलेलेच असतात. ‘फरक स्पष्ट करा’चे ४ मार्कांचे जेवढे प्रश्न आहेत, त्यातले निम्मेअधिक मुद्दे या तिघांतूनच बाहेर पडतात. मुलीला पाठ करायला फार थोडं उरतं.

तुमच्याच धंद्यावर लावून बघा. तुमचे डबे म्हणजे पुस्तकातली एकल व्यापारी संस्था. पैसा तुमचा, वांग्याची भाजी करायची की बटाट्याची हे ठरवणार तुम्ही. आणि एखाद्या कंपनीच्या कॅन्टीनवाल्याने तीन महिन्यांचं बिल थकवलं तर किराणा दुकानाची उधारी भागवायला दागिना मोडायचा तोही तुमचाच. कायदा तुमच्या धंद्याचा पैसा आणि तुमचा घरचा पैसा यात फरक करत नाही. पुस्तकात याला ‘अमर्यादित जबाबदारी’ म्हटलंय. वर्गातली मुलं हे दोन शब्द तालात म्हणतात, पण तुमच्या मुलीला त्याचा अर्थ बाकीच्यांपेक्षा लवकर कळेल.

आता समजा तुमची जाऊ धंद्यात आली. तुम्ही दोन लाख घातले, तिने पन्नास हजार. पहाटे चारला उठून कणीक तुम्ही मळता, ती दुपारचे फोन बघते. घरचंच माणूस म्हणून कागद काही केला नाही. वर्षअखेर दीड लाख नफा उरला. कोणाला किती? हे गणित मी दर वर्षी विचारते आणि वर्गातून एका सुरात उत्तर येतं, एक लाख वीस हजार आणि तीस हजार. १९३२ चा भागीदारी कायदा म्हणतो, पंचाहत्तर-पंचाहत्तर. करार नसेल तर नफा सारखा वाटायचा, भांडवलावर व्याज नाही, पहाटे उठल्याचा पगारही नाही. भांडवलाच्या वर कोणी संस्थेला कर्ज दिलं असेल तर तेवढ्यावर सालाना ६ टक्के व्याज मिळतं, बस. हा नियम पुस्तपालनात बारावीच्या पहिल्याच धड्यात येतो. मुलं तो ‘करार नसल्यास’ म्हणून घोकतात आणि भागीदारीच्या गणितात बरोबर वापरतातही. पण घरी जाऊन काका आणि वडिलांच्या दुकानाचा करारनामा कुठे आहे, हे विचारणारं पोर क्वचितच भेटतं.

नाशिकमध्ये राहणाऱ्या मुलाला या धड्यासाठी पुस्तकाबाहेर फार लांब जावं लागत नाही. सराफ बाजारात, भांडी बाजारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पेढ्या आहेत. त्यातली एखादी संयुक्त हिंदू कुटुंबाची असेल तर तिथे ठरवणार कर्ता, म्हणजे कुटुंबप्रमुख, आणि अमर्यादित जबाबदारीही एकट्या कर्त्याचीच, बाकीच्यांची आपापल्या हिश्श्यापुरती. सहकारी बँकेत शेअर कितीही घ्या, मत एकच. कंपनीत जितके शेअर तितकी मतं. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी आहे. हा प्रकार नोंदणीने कंपनी असतो, पण सभासद शेतकऱ्याला मत देताना सहकारासारखाच एक माणूस एक मत हा नियम लागतो. नाशिकरोडच्या नोटांच्या आणि मुद्रांकांच्या छापखान्याचं उदाहरण मला विशेष आवडतं. आधी ते थेट अर्थ मंत्रालयाचं खातं होतं, २००६ मध्ये त्याची सरकारी कंपनी झाली. मशिनं तीच, कामगार तेच, नोटा त्याच, पण पैसा कोणाचा आणि ठरवणार कोण याची उत्तरं कागदावर बदलली. ओझरचं एच.ए.एल., म्हणजे विमानांचा कारखाना असलेली कंपनी, आणखी पुढे गेलं. २०१८ मध्ये त्याचे शेअर बाजारात आले, तरी बहुसंख्य हिस्सा केंद्र सरकारकडे आहे म्हणून ती सरकारी कंपनीच.

व्यवस्थापनाच्या तत्त्वांचा धडा मात्र मुलांना नकोसा होतो. हेन्री फेयॉलची चौदा तत्त्वं, त्यांच्या आद्याक्षरांचं काहीतरी वाक्य करून पाठ केलेली. फेयॉल कोण होता हे सांगितलं की जरा जान येते. हा माणूस प्राध्यापक नव्हता. फ्रान्समधल्या खाणकंपनीत तो इंजिनिअर म्हणून लागला आणि १८८८ पासून तीस वर्षं त्याच कंपनीचा प्रमुख होता. त्याचं एक तत्त्व असं की एका माणसाला एकाच साहेबाकडून हुकूम मिळाला पाहिजे. तुमच्या डबे पोचवणाऱ्या पोराला तुम्ही सांगता आधी अंबडला जा आणि जाऊबाई सांगतात आधी सातपूरला, तर त्या दिवशी दोन्हीकडे डबा उशिरा पोचतो. झालं तत्त्व.

त्याच धड्यात पुढे टेलर येतो, कामाच्या शास्त्रीय व्यवस्थापनाचा पुरस्कर्ता. टेलरच्या पद्धतीत एका कामगारावर आठ मुकादम, चार आखणीच्या बाजूचे, चार प्रत्यक्ष कामाच्या. म्हणजे फेयॉल म्हणतो साहेब एकच हवा, टेलर म्हणतो प्रत्येक गोष्टीचा जाणकार वेगळा हवा. दोघं एकाच धड्यात शेजारी बसलेत आणि पाठ करणाऱ्याला ते भांडताहेत हे दिसतच नाही. ज्या मुलीने हे स्वतःहून विचारलं, की मॅडम मग खरं कोणाचं, तिला हा विषय कळायला लागला असं मी धरते. उत्तर? काम कसलं आहे त्यावर. चार डब्यांच्या धंद्यात आठ मुकादम ठेवले तर डब्यापेक्षा मुकादमच जास्त जेवतील.

‘व्यावसायिक पर्यावरण’ हा अकरावीचा धडा नाशिक जिल्ह्यात शिकवायला तर पुस्तक उघडायचीही गरज नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि लासलगावसह जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. डिसेंबरात थेट निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, सप्टेंबरात ते २० वर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य झालं. या काळात एखाद्या व्यापाऱ्याने खरेदी चोख केली, कांदाचाळीत माल नीट ठेवला, गिऱ्हाईक परदेशात पक्कं होतं, तरी तो अडकला. आपल्या हातात नसलेल्या गोष्टी धंदा कुठून कुठे नेतात हे त्या धड्याचं सार आहे. निफाड-चांदवडकडची मुलं हे मला शिकवतात, मी त्यांना फक्त उत्तर कसं लिहायचं ते सांगते.

एक सावधगिरी. पुस्तक छापलं जातं तेव्हाचे आकडे त्यात गोठतात आणि नियम बदलत राहतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा ग्राहक आयोगात चालणाऱ्या तक्रारीच्या रकमेची मर्यादा १ कोटी केली होती, २०२१ च्या नियमांनी ती ५० लाखांवर आणली. सूक्ष्म उद्योगाची व्याख्या २०२० मध्ये बदलली आणि १ एप्रिल २०२५ पासून पुन्हा बदलली. आता अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला धंदा सूक्ष्म, म्हणजे तुम्ही त्यात आरामात बसता. पेपरात पुस्तकातला आकडा लिहायचा आणि धंद्यात आजचा वापरायचा, हे मुलांना सांगून ठेवावं लागतं. नाहीतर हुशार पोरगं इंटरनेटवरचा ताजा आकडा लिहून एका मार्कासाठी रडत येतं.

एस.पी.बद्दल लोकांचा समज असा की त्यात पत्रं लिहायला शिकवतात. पत्रं आहेत, पण बारावीच्या पुस्तकाचा गाभा कंपनी पैसा कुठून आणते हा आहे. समभाग, कर्जरोखे, ठेवी, लाभांश, डिमॅट, शेअर बाजार. शेअरचे व्हिडिओ बघून आलेल्यांना मी इथे पकडते. आपल्या गंगापूर धरणाकडच्या सुला वाइनचा आय.पी.ओ., म्हणजे लोकांना पहिल्यांदाच शेअर विकायला काढणं, डिसेंबर २०२२ मध्ये आला. शेअरची दर्शनी किंमत २ रुपये, विकला ३५७ ला, एकूण रक्कम साधारण ९६० कोटी. सांगा, कंपनीच्या तिजोरीत किती आले? कोणी ९६० सांगतं, कोणी हिशेबाने दर्शनी किमतीच्या वरच्या ३५५ रुपयांची, म्हणजे प्रीमियमची, नोंद करून दाखवतं. बरोबर उत्तर, काहीच नाही. तो सगळा इश्यू जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकण्याचा होता, नवे शेअर काढलेच नव्हते. पैसा विकणाऱ्यांकडे गेला आणि कंपनीच्या वह्यांत प्रीमियमची नोंदच होत नाही. पैसा कोणाचा, हा पहिलाच प्रश्न विचारला असता तर फसायचं कारण नव्हतं. बातमी वाचून ‘कंपनीने हजार कोटी उभे केले’ म्हणणारी मोठी माणसंही मी पाहिलीत.

आता पुस्तपालन, कारण खरी परीक्षा तिथे आहे. दहावीपर्यंत हा विषय कोणालाच नसतो, त्यामुळे ७८ टक्केवाली आणि ९४ टक्केवाला दोघंही शून्यावरून सुरू करतात. पहिल्या दीड-दोन महिन्यांत नावे-जमा, म्हणजे डेबिट-क्रेडिट, डोक्यात बसलं तर पुढची दोन वर्षं सुखाची. तेव्हा आजारपण, लग्नकार्य, गणपती यात तास बुडाले आणि ते भरून काढले नाहीत तर बारावीपर्यंत पाय ओढावा लागतो. रोज एक गणित, स्वतःच्या हाताने, रकाने आखून. बघून ‘समजलं’ म्हणणारी मुलं तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकींची यादी, जुळवताना अडकतात.

आणि धंदा येतो का या तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर याच विषयात आहे. एक नोंद दाखवते. तुम्ही डब्यांसाठी गव्हाचं पोतं आणलंत, ३,००० रुपयांचं. नोंद झाली खरेदी खाते नावे, रोख खात्याला. मग त्यातलेच १० किलो, समजा ४०० रुपयांचे, घरच्या पोळ्यांना काढलेत. बहुतेक घरांत याची नोंदच होत नाही, आपलंच तर आहे. पुस्तपालन म्हणतं, उचल खाते (मालकाने स्वतःसाठी काढलेलं) नावे ४००, खरेदी खात्याला ४००. मालक वेगळा, धंदा वेगळा. ही नोंद रोज झाली नाही की महिनाअखेर डब्यांचा खर्च फुगलेला दिसतो आणि बाई म्हणते, एवढं राबून धंद्यात काही उरत नाही हो. उरलेलं असतं, ते घरात खाल्लेलं असतं. त्याच्या उलटही होतं. घरच्या गॅसवर डबे शिजतात, विजेचं बिल घरातून जातं आणि नफा असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. मुलीला अकरावीच्या दिवाळीपर्यंत एवढं कळेल. तुमच्या वहीत ही दोन खाती तिच्याकडून उघडून घ्या, तिचाही अभ्यास होईल.

मात्र काय येणार नाही तेही ऐका. उधारी गोड बोलून वसूल कशी करायची, डब्याला पाच रुपये वाढवले तर किती गिऱ्हाईक तुटेल, माणूस कामावर टिकवायचा कसा, हे या पुस्तकांत नाही. विपणनाच्या धड्यात किंमत ठरवण्यावर लिहिलंय, पण ते वाचून तुमच्या डब्याची किंमत ठरणार नाही. भाजीचे भाव रोज बघून ती तुम्ही ठरवता आणि ते तिला तुमच्याकडूनच शिकावं लागेल. मला विचाराल तर शाळेतल्या विषयाचं ते कामही नाही. धंद्यात कागद पुढे आला की तो वाचता आला पाहिजे, करारनामा असो, बँकेचं मंजुरीपत्र असो की ताळेबंद. तेवढं शिकवलं तरी विषयाने आपलं काम केलं.

गणिताचं बघू. मुलीला सी.ए. करायचं असेल, बाहेरच्या विद्यापीठात अर्थशास्त्र करायचं असेल किंवा पुढे आकडेवारीशी खेळणारं काही करायचं मनात असेल, तर गणित ठेवा. सी.ए. फाउंडेशनला बारावीत गणित असलंच पाहिजे अशी अट नाही, पण चारपैकी एक पेपर गणित, तर्क आणि सांख्यिकीचा असतो, तोही चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापणारा. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. गणित सोडलेल्या मुलाला तिथे नव्याने सुरुवात करावी लागते. शिवाय कॉमर्सचं गणित सायन्ससारखं नसतं. अवकलन, संकलन आहे, पण निम्मं पुस्तक कमिशन, दलाली, विम्याचे हप्ते, निर्देशांक, संभाव्यता असल्या गोष्टींचं आहे. दहावीत गणितात बरे मार्क असतील तर मी गणितच सांगते. एस.पी. शिकवणारी बाई असून सांगते.

गणिताने दहावीतच रडवलं असेल आणि मुलीचा कल धंद्याकडे, बँकेकडे किंवा कंपनीच्या कामकाजाकडे असेल, तर एस.पी. घ्या आणि मनात सल ठेवू नका. ‘गणित घेतलं की किंमत वाढते’ म्हणून घेऊन त्यात पस्तिशीवर अडकलेली आणि त्या ओझ्याखाली पुस्तपालनही बिघडवून घेतलेली मुलं मी बरीच पाहिलीत. दहावीच्या निकालपत्रात एकूण टक्के बघू नका, गणिताचा आकडा बघा. ७८ टक्क्यांत तो ८५ असू शकतो आणि ५२ ही.

माध्यमाचं उत्तर तिच्या पुढच्या वाटेवर अवलंबून आहे. बारावीपर्यंत मराठीतून लिहायला काहीच हरकत नाही, पाठ्यपुस्तकं मराठीत आहेत आणि तपासनीस भाषेवरून मार्क कापत नाही. बी.कॉम.लाही मराठीतून लिहिणारी मुलं आहेत. सी.ए.ची परीक्षा मात्र इंग्रजी किंवा हिंदीतून असते. तिकडे जायचं असेल तर अकरावीपासून इंग्रजी माध्यम घेतलेलं बरं. पहिली सहामाही घसरेल, मार्क कमी पडतील, घाबरू नका. ते नको असेल तर मधला रस्ता आहे. मराठीतूनच शिका, पण प्रत्येक धड्याच्या संज्ञा वहीत दोन रकान्यांत दोन्ही भाषांत लिहून ठेवा. घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, कर्जरोखे म्हणजे डिबेंचर. बँकेत, सी.ए.च्या ऑफिसात, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर सगळं इंग्रजीच दिसणार आहे, त्यामुळे ही वही पुढे कामाला येते.

मामांच्या सायन्सबद्दल एवढंच. सायन्स केलेला मुलगा नंतर सी.ए.ला, बी.बी.ए.ला, लॉला येऊ शकतो. कॉमर्सवाली इंजिनिअरिंगला जाऊ शकत नाही. दारं उघडी ठेवायची हा त्यांचा मुद्दा खरा आहे. पण ज्या मुलीला त्या दारांतून जायचंच नाही, तिची दोन वर्षं भौतिकशास्त्राच्या क्लासमध्ये जातात आणि इकडे नावे-जमाचा पाया राहून जातो. ती दोलायमान असेल तर मामांचं ऐका. ती ठाम असेल आणि ठामपणामागे तुमचा डब्यांचा धंदा असेल, तर तिचं ऐका.

पुढचं आत्ता ठरवू नका, पण माहीत असू द्या. २०२४ पासून बी.बी.ए., बी.एम.एस., बी.सी.ए.साठी राज्याची वेगळी सी.ई.टी., म्हणजे प्रवेश परीक्षा, सुरू झालीय, त्यामुळे बारावीच्या मार्कांवर सरळ प्रवेश मिळेल असं धरून चालू नका. साध्या बी.कॉम.ला शहरात बी.वाय.के., के.टी.एच.एम. सारखी जुनी कॉलेजं आहेत. मुलगी तुमच्याबरोबर धंद्यात उतरली आणि रोज कॉलेज जमेना, तर गोवर्धनचं मुक्त विद्यापीठ घराजवळच आहे.

शेवटचं, प्रकल्पाचं. ओ.सी.च्या अंतर्गत गुणांसाठी मुलं इंटरनेटवरून एखाद्या मोठ्या कंपनीची माहिती उतरवून आणतात, तीच तीच, फोटोसकट. तिला सांगा, स्वतःच्या घरच्या डब्यांवर प्रकल्प कर. अंबडच्या कोणत्या कंपनीत किती डबे जातात, पैसे किती दिवसांनी येतात, किराणा रोखीने की उधारीवर, अन्न परवाना कोणत्या नावावर आहे, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली आहे का. ही शेवटची नोंदणी फुकट असते, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते. तुम्ही अजून केली नसेल तर प्रकल्पाच्या निमित्ताने ती तिच्या हातूनच करून घ्या.